चिठ्ठी आपली, ग्रंथ दुसऱ्याचा

पुण्यात येरवड्याच्या बाजूला डेक्कन कॉलेज आहे. तिथल्या एका दालनात ओळीनं कपाटं उभी आहेत आणि त्यांच्या खणांत कागदाच्या चिठ्ठ्या ठासून भरल्या आहेत. १९४८ साली सु. मं. कत्रे यांनी संस्कृतच्या महाकोशाचं काम तिथं सुरू केलं. सुमारे दीड हजार ग्रंथांतले शब्द वेचून या चिठ्ठ्या तयार झाल्या आणि त्यांची संख्या कोटीच्या घरात गेली. एका चिठ्ठीवर असतं तरी काय? शब्द, तो ज्या ओळीत आला ती ओळ, आणि कुठल्या ग्रंथात कुठं आला त्याचा पत्ता. मूळ ग्रंथ शेजारच्या संस्थेत असेल, लंडनला असेल, नाहीतर कुणा शास्त्रीबुवांच्या माळ्यावर धूळ खात असेल. पत्ता बरोबर असला की चिठ्ठीचं काम झालं.

हे पुस्तक अशाच चिठ्ठ्यांचं आहे. कपाट संगणकातलं, आणि ग्रंथाच्या जागी दुसऱ्या कुणाच्या तरी सर्व्हरवरून एपीआयमार्फत येणारा डेटा.

प्रश्न रोजच्या कामातला आहे. ग्राहक सांगतो, आमच्या साइटवर अमुक संग्रहाचा शोध हवा. डेटा त्या संग्रहाकडे आहे, एपीआय खुला आहे, परवानगीही आहे. तुम्ही नेहमीचं सर्चचं पॅकेज बसवता, त्याची माहितीपत्रकं उघडता आणि पहिल्याच पानावर अडता. कारण ते विचारतं : मॉडेल कोणतं? जँगो वापरणारे हेस्टॅक बसवतात. हेस्टॅकच्या प्रत्येक इंडेक्सला आपलं मॉडेल कोणतं ते सांगावंच लागतं. नाही सांगितलं तर गाडी तिथंच थांबते. इंडेक्समधल्या नोंदीची ओळखसुद्धा ॲपचं नाव, मॉडेलचं नाव आणि टेबलातली किल्ली हे तीन तुकडे टिंबांनी जोडून बनते. लाराव्हेलचं स्काउट तर मॉडेलच्या अंगावरच चढवायचं असतं. मॉडेल सेव्ह झालं की इंडेक्स आपोआप बदलतो, आणि शोधातून हाती आलेले क्रमांक घेऊन स्काउट पुन्हा डेटाबेसकडे जातं व पूर्ण नोंदी तिथून आणतं. सोय मोठी आहे, मी ती वर्षानुवर्षं उपभोगली आहे. पण ज्याच्याकडे टेबलच नाही त्याला हा प्रश्न म्हणजे मुंजीच्या पत्रिकेवर वधूचं नाव विचारण्यासारखा आहे.

या पॅकेजांच्या तळाशी जे यंत्र चालतं त्याला मॉडेल हा शब्दच ठाऊक नाही. डग कटिंगनं १९९९ मध्ये लुसीन लिहिलं. सोलर आणि इलास्टिकसर्च दोन्ही त्याच्याच जिवावर चालतात. लुसीनला कळतं ते डॉक्युमेंट : चारदोन फील्ड आणि त्यांतला मजकूर. मजकुराचे शब्द सुटे होतात आणि प्रत्येक शब्दापुढं तो कुठल्या कुठल्या डॉक्युमेंटात आला त्यांचे क्रमांक मांडले जातात. कपाट आणि चिठ्ठ्याच त्या. मजकूर टेबलातून आला, पीडीएफमधून आला की सातासमुद्रापलीकडच्या एपीआयमधून, याच्याशी लुसीनला कर्तव्य नाही. मॉडेल आणि शोध यांची गाठ बांधली ती वरच्या पॅकेजांनी, आणि तीही आपले श्रम वाचावेत म्हणून.

(जाता जाता : लुसीन हे कटिंगच्या पत्नीचं मधलं नाव. शाय बॅननचं इलास्टिकसर्च २०१० मध्ये आलं, पण त्याची सुरुवात पत्नीच्या पाककृती शोधता याव्यात या खटपटीतून झाली. बायका या इतिहासात अशा मागच्या दारानं येतात, असं वाटेल. पण पुढच्या दारानं आलेली एक आहे. केंब्रिजच्या कॅरन स्पार्क जोन्सनं १९७२ मध्ये मांडलं की जो शब्द थोड्याच डॉक्युमेंटांत येतो त्याचं वजन जास्त धरावं. आजही शोधाचे निकाल वरखाली लावताना तो हिशेब चालतो. त्याचा संबंध पुढं येईल.)

मॉडेल नाही म्हटल्यावर लोक काय करतात? खोटं टेबल करतात. एपीआयमधून येणाऱ्या फील्डबरहुकूम टेबल आखायचं, रोज रात्री सगळा डेटा त्यात ओतायचा, आणि मग पॅकेजला म्हणायचं, हे घे तुझं मॉडेल. मीही केलं आहे. पहिले दोन महिने झकास चालतं. मग तिकडच्या मंडळींनी एक फील्ड वाढवलं की इकडे मायग्रेशन. त्यांनी जिथं एक नाव होतं तिथं नावांची यादी द्यायला सुरुवात केली की इकडे दुसरं टेबल. होता होता एकाच गोष्टीच्या तीन प्रती तयार होतात : त्यांची खरी, तुमच्या टेबलातली शिळी आणि इंडेक्समधली त्याहून शिळी. गडबड झाली की कुठल्या प्रतीत झाली ते शोधण्यात दुपार जाते. टेबल करणं हा गुन्हा मात्र नव्हे. वाचकानं एखाद्या वस्तूवर खूण करून ठेवावी, टीप लिहावी, यादी जमवावी अशी सोय द्यायची असेल तर टेबल हवंच. पण तेव्हा ते टेबल वाचकाच्या खुणांचं असतं, तुमच्या घरचं असतं. परक्या डेटाची नक्कल नसतं. एवढा फरक सांभाळला तर माझी तक्रार नाही.

टेबल काढून टाकलं की कोड कमी होतो, हे खरं. पण टेबल मुकाट्यानं जी कामं करत होतं ती आता तुमच्या गळ्यात पडतात, आणि या पुस्तकाची तीन चतुर्थांश पानं त्याच कामांवर गेली आहेत. टेबल नोंदीला ओळख देत होतं. नोंद बदलली की हाक मारत होतं. नोंद गेली की तेही सांगत होतं. परका एपीआय यांतलं काहीही आपणहून करत नाही. महाकोशाच्या चिठ्ठ्यांना ही चिंता नव्हती. ग्रंथाला पाठभेद असतील, पण छापलेला ग्रंथ चिठ्ठी लिहून झाल्यावर रातोरात बदलत नाही. आमचे ग्रंथ बदलतात.

पुस्तकभर एकच उदाहरण घेऊन चाललो आहे : न्यूयॉर्कचं मेट्रोपॉलिटन कलासंग्रहालय. निवड सोयीची आहे. या संग्रहालयानं फेब्रुवारी २०१७ मध्ये आपल्याकडच्या हक्कमुक्त वस्तूंची छायाचित्रं आणि माहिती सगळ्यांना मोकळी केली, आणि २०१८ च्या ऑक्टोबरात एपीआय दिला. ४ लाख ७० हजारांहून अधिक वस्तूंची माहिती त्यातून मिळते, किल्ली घ्यावी लागत नाही, नाव नोंदवावं लागत नाही. आणि आपल्याला रस वाटावा असं त्यात पुष्कळ आहे. दख्खनच्या सुलतानांच्या काळातल्या कलेचं मोठं प्रदर्शन याच संग्रहालयानं २०१५ मध्ये भरवलं होतं.

त्यांचा स्वतःचा शोध आहे की, मग आपण खटाटोप का करायचा? कारण त्यांच्या एपीआयला शब्द दिला की उत्तरात येतात फक्त क्रमांक. एकूण किती वस्तू सापडल्या आणि त्यांचे क्रमांक कोणते, बस. नाव, काळ, चित्र हवं असेल तर प्रत्येक क्रमांकासाठी पुन्हा वेगळा कॉल मारायचा. पडद्यावर वीस निकाल दाखवायचे तर एक अधिक वीस असे एकवीस कॉल, आणि त्यांतला सर्वांत रेंगाळणारा जितका वेळ घेईल तितका वेळ वाचक ताटकळणार. निकाल काळानुसार लावून दाखवायचे म्हटलं तर सापडलेल्या हजारो वस्तू आधी ओढून आणाव्या लागतील. शिवाय तो शोध इंग्रजी नोंदींवर चालतो. तिथं देवनागरीत काही टाइप करून हाती काही लागायचं नाही.

म्हणून आपण चिठ्ठ्या करतो. संग्रहालयाची विनंती आहे की सेकंदाला ८० पेक्षा जास्त कॉल मारू नका. त्या कमाल गतीनं सगळ्या वस्तू ओढायला ९८ मिनिटं लागतात. सभ्यपणे सेकंदाला एक या चालीनं गेलात तर साडेपाच दिवस. मी मधली चाल धरतो. एपीआय फुकट आहे म्हणजे त्यांच्या सर्व्हरचं वीजबिलही फुकट आहे असं नव्हे, आणि ४२९ हा आकडा उत्तरात आला की त्याचा अर्थ 'जरा दमानं घ्या' असाच असतो. किती थांबायचं हेही पुष्कळदा त्याच उत्तरात लिहिलेलं असतं; ते न वाचता लगेच पुन्हा धडक मारणारे प्रोग्राम मी पाहिले आहेत, एकदोन लिहिलेही आहेत.

आता ओळख. व्हॅन गॉगचं सरूच्या झाडांचं आणि गव्हाच्या शेताचं चित्र या संग्रहालयात आहे, त्याचा क्रमांक ४३६५३५. आपल्या इंडेक्समध्ये नुसता हा आकडा किल्ली म्हणून ठेवला आणि उद्या दुसऱ्या एखाद्या संग्रहालयाचा डेटा त्यातच घेतला, तर दोघांचे क्रमांक एकमेकांवर आदळतील आणि नंतरचा आधीच्याला गिळून टाकेल. म्हणून स्रोताचं छोटं नाव पुढं लावायचं : 'मेट', मग क्रमांक. गोष्ट इतकी साधी आहे की प्रकरण लिहायची लाज वाटली होती. लिहिलं, कारण हे न केल्याची शिक्षा फार उशिरा मिळते.

ओळख कायम राहील असंही धरून चालू नये. ओपन लायब्ररी या पुस्तकांच्या सूचीत प्रत्येक कृतीला एक क्रमांक असतो आणि तिच्या प्रत्येक आवृत्तीला वेगळा. एकच पुस्तक दोनदा नोंदलं गेल्याचं कुणाच्या लक्षात आलं की दोन नोंदी एक होतात, आणि विझलेल्या क्रमांकाच्या जागी 'आता तिकडे जा' अशी पाटी उरते. मराठी लेखकांच्या बाबतीत हे होणारच. एकाच आडनावाची रोमन लिपीत तीन-तीन स्पेलिंगं असतात. तुमच्या इंडेक्सला ती पाटी वाचता आली पाहिजे, नाहीतर वाचकाला एकच पुस्तक दोनदा दिसतं आणि त्यातली एक कडी तुटकी असते.

चिठ्ठीवर काय लिहायचं, हा यातला सर्वांत रसाळ भाग. संग्रहालयाच्या नोंदीत काळ दोन प्रकारांनी दिलेला असतो. एक माणसानं वाचायचा : अमक्या शतकाचा उत्तरार्ध, सुमारे अमुक साल. आणि दुसरा यंत्रासाठी : सुरुवातीचं वर्ष आणि शेवटचं वर्ष, निव्वळ आकडे; इसवी सनापूर्वीचं असेल तर आकडा ऋण. पहिला दाखवायचा, दुसऱ्यावर गाळायचं. या दोघांची अदलाबदल करणारे शोध तुम्ही पाहिले असतील. 'सतरावं शतक' म्हटलं की ते मजकुरात सतरा हा आकडा शोधत बसतात. जुन्या मराठी पुस्तकांच्या सूचीवर काम करणाऱ्याला इथं आणखी एक पायरी लागते, कारण मुखपृष्ठावर शके असतो. साधारणपणे ७८ मिळवले की इसवी सन येतो. वर्षअखेरीच्या महिन्यांत ७९.

मग विभाग. भारतातून गेलेल्या वस्तू तिथं एका ठिकाणी नाहीत. सुलतानांच्या दरबारातली बरीचशी चित्रं नि धातूकाम इस्लामी कलेच्या विभागात, देवळांतली शिल्पं आशियाई कलेच्या विभागात. हा त्या संस्थेच्या शंभराहून अधिक वर्षांच्या कारभाराचा आकार आहे, आपल्या वाचकाच्या डोक्यातला नव्हे. दख्खन म्हणून एकत्र पाहू इच्छिणाऱ्याला दोन विभाग ओलांडून एक फील्ड लागतं, आणि ते फील्ड चिठ्ठीवर आपण घालायचं असतं. इथं सूचीकार निव्वळ हमाल राहत नाही. मी तर म्हणेन, परका डेटा इंडेक्स करण्यातलं खरं कसब याच चार-पाच घरच्या फील्डांत आहे. फक्त मूळ नोंदीतलं काय आणि आपण घातलेलं काय, हे फील्डच्या नावावरूनच कळलं पाहिजे.

गावांच्या नावांचा गुंता वेगळाच. नोंद करणाऱ्यानं आपल्या काळचं नाव लिहिलं, शोधणारा आपल्या काळचं टाइप करतो. बॉम्बे आणि मुंबई, पूना आणि पुणे हे तर झालंच. अहमदनगर रोमन लिपीत दोन स्पेलिंगांनी लिहिलं जातं, आणि आज ते अहिल्यानगर आहे. औरंगाबाद छत्रपती संभाजीनगर झालं. समानार्थी नावांची यादी आपण ठेवायची, पण ती इंडेक्स करताना लावायची की शोधताना? माझं मत शोधताना. नाव बदललं की यादीत एक ओळ वाढवायची, इंडेक्सला हात लावायचा नाही. महाराष्ट्रात राहून यापेक्षा वेगळा सल्ला देणं धाडसाचं आहे.

काही माहिती चिठ्ठीवर लिहूच नये. वस्तू सध्या संग्रहालयाच्या कुठल्या दालनात मांडली आहे, तो दालनाचा क्रमांक नोंदीत येतो. वस्तू दालनातून गोदामात जाते, दुरुस्तीला जाते, दुसऱ्या शहरी पाहुणी म्हणून जाते. आपल्या इंडेक्समध्ये मात्र ती दालनातच. कुणीतरी आपल्या साइटवर भरवसा ठेवून तिथवर चालत जायचं आणि रिकामी भिंत बघायची. असलं फील्ड वाचक ती एक वस्तू उघडतो त्या क्षणी थेट एपीआयला विचारून दाखवावं. थोडक्यात, ज्यावर शोधायचं ते इंडेक्समध्ये, जे तासातासाला बदलतं ते मुळापाशी. यादीत दाखवायचं नाव आणि छोटं चित्र मात्र इंडेक्समध्येच ठेवा, नाहीतर ते एकवीस कॉल पुन्हा दारात उभे.

बदल कसे कळणार? हे संग्रहालय उदार आहे : अमुक तारखेनंतर ज्यांची माहिती सुधारली त्या वस्तूंचेच क्रमांक द्या, असं विचारता येतं. सगळीकडे ही चैन नसते. कुठं उत्तरासोबत एक खूणचिठ्ठी मिळते. पुढच्या वेळी ती दाखवली आणि काही बदललेलं नसलं तर ३०४ हा आकडा आणि रिकामं उत्तर येतं. काहीच नसेल तर आलेल्या मजकुराचा हॅश काढून ठेवायचा आणि पुढच्या फेरीत ताडून बघायचा.

त्याहून कठीण म्हणजे गेलेलं कळणं. बदललेल्या नोंदीची तारीख असते, नाहीशा झालेल्या नोंदीला तारीख कुठून लिहिणार? ग्रंथालयवाल्यांनी याचा विचार फार आधी केला. त्यांच्याकडे पूर्वी एकाच वेळी दहा ग्रंथालयांना थेट विचारायची पद्धत होती. त्यात सगळ्यांत मंद ग्रंथालयाच्या चालीनं चालावं लागे. वर स्पार्क जोन्सबाईंचा हिशेबही जुळत नसे. शब्द दुर्मिळ आहे की नाही हे ज्याच्या त्याच्या संग्रहावर ठरतं, त्यामुळं एका ठिकाणचे गुण दुसऱ्या ठिकाणच्या गुणांशी ताडता येत नाहीत. एका बोर्डाचे टक्के दुसऱ्या बोर्डाशी ताडण्यासारखंच. २००१ मध्ये ओएआय-पीएमएच हा संकेत आला आणि वारं फिरलं : थेट विचारू नका, नोंदी गोळा करून आपल्या घरी आणा आणि तिथं शोधा. या संकेतात सगळी मिळून सहा क्रियापदं आहेत. आणि त्यात प्रत्येक सर्व्हरला आधीच जाहीर करावं लागतं, की काढून टाकलेल्या नोंदींचा हिशेब मी कायम ठेवतो, मधूनमधून ठेवतो, की मुळीच ठेवत नाही. 'ठेवत नाही' असं सरळ सांगायची सोय ठेवणारा संकेत मला फार प्रामाणिक वाटतो. नव्या एपीआयांपैकी बहुतेक याबाबतीत तोंडच उघडत नाहीत.

मग फेरीचा क्रमांक हा एक उपाय. रोजच्या फेरीला क्रमांक द्यायचा, जी नोंद दिसेल तिच्यावर तो मारायचा, आणि फेरी संपली की ज्यांच्यावर जुनाच क्रमांक राहिला त्या पुसायच्या. हुशारीची युक्ती आहे. हिनंच मला एकदा तोंडघशी पाडलं. एका संस्थेच्या एपीआयवर रात्री दोन वाजता दुरुस्ती चालू होती. अशा वेळी ५०३ यावं, तर त्यांच्याकडून आलं २००, सगळं ठीक असल्याचा आकडा, आणि सोबत रिकामी यादी. माझ्या प्रोग्रामनं यादी वाचली, एकही नोंद दिसली नाही, आणि आज्ञाधारकपणे सगळा इंडेक्स पुसला. सकाळी साइट उघडी, शोधाची पेटी जागच्या जागी, काहीही टाइप करा, निकाल शून्य. चूक त्यांची होती असं मी आठवडाभर म्हणत होतो. चूक माझी होती. परक्याच्या एका 'नाही'वर इतका भरवसा ठेवायचा नसतो. तेव्हापासून नवी फेरी नव्या इंडेक्समध्ये भरतो, आधीच्या फेरीच्या नऊ दशांशापेक्षा नोंदी कमी निघाल्या तर तिथंच थांबून मेल पाठवतो, आणि सगळं पटलं तरच साइटची सुई जुन्या इंडेक्सवरून नव्यावर वळवतो. इलास्टिकसर्चमध्ये या सुईला एलियास म्हणतात. ती एका क्षणात वळते, आणि जुना इंडेक्स दोन दिवस तसाच ठेवता येतो.

मराठीचं प्रकरण मी सर्वांत शेवटी लिहिलं आणि तेच सर्वांत लांबलं. लहान संग्रहासाठी इलास्टिकसर्चचा बडेजाव नको म्हणून मी एसक्यूलाइट सुचवतो. त्यातल्या एफटीएस-पाच या भागात मजकूर न साठवता नुसता शोधाचा इंडेक्स ठेवता येतो, म्हणजे आपल्या विषयाला अगदी मापानं शिवलेला. पण त्याचा नेहमीचा शब्दतोड्या अक्षरं आणि आकडे यांनाच शब्दाचा भाग मानतो; युनिकोडमध्ये काना, मात्रा, वेलांटी, हलंत हे वेगळ्या वर्गात पडतात, म्हणून त्यांना तो शब्दांमधली जागा समजतो. 'पुणे' हा शब्द त्याच्या हाती लागला की उरतात 'प' आणि 'ण'. 'पाणी' याचेही तेच. परिणाम असा की पुणे शोधावं आणि पाणी सापडावं. पुणेकरांना यात गैर काय ते कळणार नाही, पण औंधपासून हडपसरपर्यंत दोन्ही एकत्र सापडतातच असं नाही. उपाय एका ओळीचा आहे : चिन्हांचे वर्गही शब्दात धरा असं टेबल करतानाच सांगायचं. ती ओळ ठाऊक नसल्यामुळं 'मराठीत शोध चालत नाही' असा निष्कर्ष काढून मोकळे झालेले लोक मला भेटले आहेत.

इलास्टिकसर्च शब्द नीट तोडतं. पण त्याच्या तयार भाषांच्या यादीत हिंदी आहे, बंगाली आहे, मराठी नाही. हिंदीचंच वापरून चालेल असं वाटणाऱ्यांनी 'पुणे', 'पुण्यात', 'पुण्याहून', 'पुण्यापर्यंत' ही चार रूपं त्याला देऊन पाहावीत. आपल्याकडे प्रत्यय आणि शब्दयोगी अव्ययं शब्दाला चिकटतात, आणि चिकटण्याआधी शब्दाचं सामान्यरूप होतं. 'देऊळ' 'देवळात' जातं, 'पाऊस' 'पावसात' भिजतो. शेवटचं 'ात' कापा म्हणावं तर 'हात'ही कापला जातो. मी नियमांची एक आखूड यादी आणि अपवादांची एक लांब यादी दिली आहे. ती परिपूर्ण नाही. व्याकरणाच्या अभ्यासकांनी तिच्यावर हसण्याऐवजी भर घालावी.

त्याच्या आधीची पायरी अक्षरांची. 'दऱ्या' हा शब्द डोळ्यांना एकच दिसतो, पण आतून दोन प्रकारे लिहिता येतो : ऱ हे स्वतंत्र अक्षर घेऊन, किंवा साधा र, हलंत आणि एक अदृश्य जोडचिन्ह घेऊन. युनिकोडचं प्रमाणीकरण ही दोन रूपं एक करत नाही. 'ॲ'चं तसंच. हे अक्षर युनिकोडमध्ये २००८ मध्ये आलं, त्याआधीचा मजकूर अ वर चंद्र ठेवून लिहिलेला. आजही दोन्ही फिरतात. आणि जुन्या पुस्तकांची शीर्षकं असतील तर 'नांव', 'कांहीं', 'पुणें' हे अनुस्वार आहेतच. १९६२ च्या लेखननियमांनी ते गेले, सूचीतून ते कसे जातील? मूळ शीर्षक जसंच्या तसं दाखवायचं, आणि शोधासाठी त्याची अनुस्वार उतरवलेली प्रत शेजारच्या फील्डमध्ये ठेवायची. शोधणाऱ्याचा शब्दही त्याच चाळणीतून जायला हवा. एकाच बाजूला चाळलं तर न चाळल्यापेक्षा वाईट.

हक्कांबद्दल थोडक्यातच. एपीआय खुला आहे याचा अर्थ डेटा साठवायची मुभा आहे असा होत नाही. गुगल मॅप्सच्या अटींत ठिकाणाची ओळखखूण हवी तितके दिवस ठेवता येते, पण अक्षांश-रेखांश ३० दिवसांपुरतेच. म्हणजे पत्ता ठेवा, ग्रंथ उतरवून घेऊ नका. मेट्रोपॉलिटननं आपली माहिती कोणत्याही अटीविना सोडली आहे, म्हणूनच उदाहरणाला ते घेतलं. आपल्या कामातल्या स्रोताच्या अटी वकिलासारख्या वाचा, आणि त्या अटी वाचल्याची तारीख कोडमध्येच लिहून ठेवा.

पुस्तक वाचायला डेटाबेस यायला हवा असं नाही. उलट फार येत असेल तर पहिली तीन प्रकरणं हात शिवशिवतील, टेबल करावंसं वाटेल. तेवढा मोह आवरा. कोड पायथनमध्ये आहे, लहान ठेवला आहे, आणि कुठल्याही वेब फ्रेमवर्कवाचून चालतो. पहिल्या प्रकरणात इस्लामी कलेच्या विभागातल्या पाचशे वस्तू ओढायच्या आहेत. सेकंदाला एक कॉल ही चाल मी मुद्दाम ठेवली आहे, ती वाढवू नका. आठ मिनिटं वीस सेकंद लागतात. तेवढ्यात चहा होतो.